वंशावळीचे सॉफ्टवेअर : माणसापासून कागदापर्यंत आणि कागदापासून माणसापर्यंत



दहावी-बारावीचे निकाल लागले की बदनापूरसारख्या तालुक्याच्या गावी एक चित्र हमखास दिसते. हातात कागदांची पिशवी घेऊन पालक शाळा, तहसील आणि सेतू केंद्र अशा चकरा मारत असतात. पिशवीत आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, शेताचा जुना सातबारा, एखादा फेरफार, चुलत्याचे वैधता प्रमाणपत्र आणि उर्दूतल्या जुन्या उताऱ्याची झेरॉक्स, सगळे असते. तरी काम अडते. कारण कागद असले तरी साखळी नसते. हा कागद याच माणसाचा आणि तो माणूस या मुलीचा पणजोबा, हे कुणी जोडून ठेवलेले नसते. जात पडताळणी समितीपुढे ढीग चालत नाही, साखळी लागते. आणि प्रवेशाची मुदत कुणासाठी थांबत नाही.

म्हणून आजचा पाठ थोडा वेगळा आहे. वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये निरनिराळ्या प्रकारच्या नोंदी असतात. एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीवर जाण्याची वाट कशी असावी, हे आज पाहू. विषय संगणकाचा वाटेल, पण खरे तर तो पुराव्याचा आहे. ज्याला ही वाट समजली, त्याला पिशवीतले कागद लावता येतात, मग घरात संगणक असो वा नसो.

१. नोंदी किती प्रकारच्या?

वंशावळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर झाड येते. वर मूळ पुरुष, खाली फांद्या. पण झाड हे फक्त चित्र झाले. त्याच्या मागे नोंदी असतात आणि त्या एकाच जातकुळीच्या नसतात.

वंशावळीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेता यावी म्हणून १९८४ साली अमेरिकेत 'जेडकॉम' नावाची पद्धत तयार झाली. तिच्यात व्यक्ती, कुटुंब, स्रोत अशा नोंदी वेगवेगळ्या ठेवून त्यांना क्रमांकांनी जोडतात. 'ग्रॅम्प्स' हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर याच विचाराने पुढे गेले. त्यात नोंदींचे नऊ प्रकार आहेत: व्यक्ती, कुटुंब, घटना, स्थळ, स्रोत, संदर्भ, भांडार, चित्र-फोटो आणि टिपण.

आपल्या भाषेत सांगायचे तर :

- व्यक्ती म्हणजे एक माणूस. त्याची जेवढी नावे, तेवढी सगळी त्याच्याच पानावर.
- कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची मुले, एवढा गट.
- घटना म्हणजे जन्म, लग्न, शाळाप्रवेश, मृत्यू.
- स्थळ म्हणजे गाव, वाडी, शहर.
- स्रोत म्हणजे आख्खे रजिस्टर. उदा. शाळेचे जनरल रजिस्टर किंवा खासरा पत्रक.
- संदर्भ म्हणजे त्या रजिस्टरमधली नेमकी ओळ. पान अमुक, अनुक्रमांक तमुक.
- भांडार म्हणजे ते रजिस्टर जिथे ठेवलेले आहे ती जागा. शाळा, तहसीलचे रेकॉर्ड रूम, भूमी अभिलेख कार्यालय.

एवढी फोड कशाला? समजा आजोबांचे नाव, जन्मतारीख, गाव आणि 'पुरावा आहे' हे सगळे एकाच ओळीत लिहिले. उद्या त्याच रजिस्टरमध्ये त्यांच्या भावाची नोंद सापडली, तर रजिस्टरची माहिती पुन्हा लिहावी लागते. परवा गावाचा जिल्हा बदलला की चाळीस ओळी दुरुस्त कराव्या लागतात. एक गोष्ट एकाच जागी लिहायची आणि बाकीच्यांनी तिच्याकडे बोट दाखवायचे, हा साधा नियम आहे. आणि हे बोट कुणाकडून कुणाकडे दाखवायचे, त्यालाच वाट म्हणायचे.

२. ही वाट आपल्याकडे आधीपासून आहे

त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकला विधीसाठी गेलेल्यांनी तीर्थपुरोहितांच्या वह्या पाहिल्या असतील. गुरुजी आधी विचारतात, "मूळ गाव कोणतं? आडनाव काय?" गाव आणि आडनावावरून ते नेमकी वही काढतात, वहीतून पान काढतात आणि पानावर तुमच्या आजोबांनी स्वतः येऊन सांगितलेली नावे असतात. कधी तर खाली त्यांची सहीही असते. आधी स्थळ, मग कुळ, मग पान, मग माणूस असा हा क्रम आहे. घराण्यांच्या अशा हजारो नोंदींतून काही मिनिटांत तुमची नोंद निघते, ती याच क्रमामुळे.

दुसरे उदाहरण रोजच्या वापरातले. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाशेजारी फेरफार क्रमांक असतो. तो घेऊन गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही उघडली की ते नाव तिथे कसे लागले ते कळते. वारसाने लागले, खरेदीने की वाटणीने? आणि फेरफारात पुन्हा सर्वे किंवा गट क्रमांक लिहिलेला असतो, म्हणजे तिथून सातबाऱ्यावर परत येता येते. जायची सोय आहे आणि परत यायचीही आहे. महसूल खात्याने संगणक येण्याच्या कितीतरी आधी ही दुहेरी वाट कागदावर बांधली होती.

आता शाळेच्या दाखल्याकडे बघा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जनरल रजिस्टरचा क्रमांक असतो, म्हणजे दाखल्यावरून रजिस्टरकडे वाट आहे. पण रजिस्टरमधल्या त्या ओळीवरून त्या मुलाच्या भावाच्या ओळीकडे किंवा पंचवीस वर्षांनी त्याच शाळेत आलेल्या त्याच्या मुलाच्या ओळीकडे वाट नाही. ती आपल्याला बांधावी लागते. वंशावळीच्या सॉफ्टवेअरचे खरे काम हेच आहे.

३. वाट बांधण्याचे पाच नियम

नियम पहिला : वाट दुहेरी हवी.
व्यक्तीच्या पानावरून तिच्या कागदांवर जाता आले पाहिजे, हे सगळ्यांना सुचते. उलट दिशा मात्र विसरली जाते. खासरा पत्रकाच्या नोंदीवर उभे राहून "ही ओळ कुणाकुणाला लागू आहे?" असे विचारता आले पाहिजे. ग्रॅम्प्समध्ये प्रत्येक नोंदीच्या पानावर एक भाग असतो, त्यात त्या नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या बाकीच्या सगळ्या नोंदींची यादी दिसते. याचा फायदा काय? उद्या कळले की तो उतारा दुसऱ्याच गावचा आहे, तर त्याच्यावर कोणकोणती विधाने उभी आहेत ते लगेच दिसते. पाया काढला तर कुठली भिंत पडेल, हे आधी समजते.

नियम दुसरा : जोडणी हीसुद्धा एक नोंद आहे.
"रजिस्टरमधला हा लक्ष्मण म्हणजे आपले आजोबा" हे वाक्य रजिस्टरमध्ये लिहिलेले नसते. ते आपण म्हणतो. म्हणून ते कुणी म्हटले, कशावरून म्हटले आणि किती खात्रीने म्हटले, हे जोडणीवरच लिहायला हवे. ग्रॅम्प्समध्ये प्रत्येक संदर्भाला खात्रीच्या पाच पायऱ्या आहेत, अगदी कमीपासून अगदी जास्तपर्यंत. आपल्याला वहीत तीन पुरे : पक्की, संभाव्य, तपासायची. पडद्यावर तिन्ही जोडण्या सारख्याच दिसल्या तर मात्र धोका असतो. संभाव्य जोडणीवरून पुढची जोडणी, तिच्यावरून त्याच्या पुढची, असे करत पाचव्या पिढीपर्यंत पोहोचायचे आणि मधली कडी कच्ची होती हे कुणाला आठवतही नाही. म्हणून पक्की वाट ठळक रेघेने आणि कच्ची वाट तुटक रेघेने दिसावी.

नियम तिसरा : माणसाकडून माणसाकडे जाताना कुटुंबावरून जायचे.
बापाकडून मुलाकडे थेट रेघ ओढायचा मोह होतो. पण बापाची दोन लग्ने असली तर कुठला मुलगा कुणाचा? म्हणून मध्ये कुटुंबाची नोंद हवी. लग्न झालेला प्रत्येक माणूस निदान दोन कुटुंबांत असतो, एकात मूल म्हणून आणि दुसऱ्यात नवरा किंवा बायको म्हणून.

याचा सर्वांत मोठा उपयोग बायकांच्या नोंदींसाठी आहे. जुन्या महसुली कागदात बाई 'गंगाबाई भ्र. तुकाराम' एवढीच असते. 'भ्र.' म्हणजे भ्रतार, नवरा. तिचे माहेर, माहेरचे नाव, आईबाप कुठेच नाहीत. कित्येक घरांत लग्नात मुलीचे पाळण्यातले नावही बदलत असे. माहेरच्या गावी शाळेत ती 'कौसल्या' आणि सासरच्या सातबाऱ्यावर 'गंगाबाई'. सॉफ्टवेअरमध्ये एका व्यक्तीला एकच नाव लिहिण्याची सोय असेल, तर या एका बाईच्या दोन बाया होतात आणि माहेरची वाट कायमची बुजते. पडताळणीसाठी वडिलांकडची वंशावळ लागते हे खरे. पण घराचा इतिहास म्हणून लिहिताना आत्या, मावशी, आजी यांच्याकडे जाणाऱ्या वाटा उघड्या ठेवा.

नियम चौथा : स्थळालाही काळ असतो.
बदनापूरचेच घ्या. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १ मे १९८१ ला औरंगाबाद जिल्ह्यातून जालना जिल्हा वेगळा निघाला. आणि २०२३ पासून त्या जुन्या जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. गाव जागचे हलले नाही, पण त्याच्या पुढे लिहायचा जिल्हा आणि राज्य बदलत गेले.

आता समजा आजोबांच्या १९५७ च्या नोंदीत 'जि. औरंगाबाद' आहे आणि नातीच्या नोंदीत 'जि. जालना'. सॉफ्टवेअरने ही दोन वेगळी गावे धरली तर साखळी तुटली. म्हणून स्थळाची नोंद एकच ठेवायची आणि ती कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत कोणत्या जिल्ह्यात होती, ते तिच्यावर लिहायचे. ग्रॅम्प्समध्ये ही सोय आहे.

तारखांचेही तसेच. निजामी कागदावर फसली साल असते. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन मिळतो, उदा. फसली १३५५ म्हणजे १९४५-४६ च्या आसपास. पण मूळ लिहिलेले साल पुसून त्याजागी इसवी सन टाकू नका. मूळ जसेच्या तसे ठेवा आणि खाली रूपांतर लिहा. नावांनाही हाच नियम. उर्दू कागदात 'लछमन' असेल तर 'लछमन'च उतरवा आणि व्यक्तीच्या पानावर 'लक्ष्मण' लिहून जोडा.

नियम पाचवा : परत यायची वाट हरवू नये.
मुलीच्या पानावरून निघालो, वडील, आजोबा, खासरा पत्रक, त्यातला दुसरा खातेदार, त्याचा भाऊ… आणि आता आपण कुठे आहोत? जुन्या वाड्यात शिरल्यासारखे होते. म्हणून चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये तीन गोष्टी हव्यात : 'मागे' नेणारे बटण, एका क्लिकमध्ये मूळ माणसाकडे आणणारे 'घर' आणि पडद्याच्या वरच्या बाजूला आलेल्या वाटेची पट्टी. वहीत काम करत असाल तर पानाच्या वर 'कुठून आलो' एवढे दोन शब्द लिहिले तरी चालते.

४. एक साखळी लावून पाहू

हे कुटुंब कल्पित आहे, पण कागद तेच, जे आपल्या तालुक्यातल्या कुठल्याही घरात सापडतात.

वैष्णवी, जन्म २००७. वडील गणेश, जन्म १९७८. आजोबा लक्ष्मण, जन्म १९५०. पणजोबा तुकाराम. इतर मागास वर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही मानीव तारीख आहे, म्हणून त्याआधीच्या पुराव्याला वजन असते. म्हणजे वैष्णवीपासून निघून निदान लक्ष्मणच्या शाळेपर्यंत पोहोचायला हवे.

पहिली पायरी. वैष्णवी ते गणेश. तिच्या जन्म नोंदीत वडिलांचे नाव आहे. संदर्भ : जन्म प्रमाणपत्र. जोडणी पक्की.

दुसरी पायरी. गणेश ते लक्ष्मण. गणेशच्या १९८४ च्या शाळाप्रवेशाच्या ओळीत पालक म्हणून लक्ष्मण तुकाराम हे नाव आहे. जोडणी पक्की.

तिसरी पायरी. लक्ष्मणचा स्वतःचा शाळाप्रवेश. इथे पेच येतो. गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये 'लक्ष्मण तुकाराम' दोन आहेत. एक १९५७ चा, अनुक्रमांक ११८. दुसरा १९५९ चा, अनुक्रमांक १६३. आडनाव एक, गाव एक. यातला आपला कोणता? ज्या नोंदीने काम सोपे होईल ती उचलायची, असा मोह इथेच होतो. पण घरात जपलेल्या जुन्या दाखल्यावर रजिस्टर क्रमांक ११८ लिहिलेला आहे. म्हणून ११८ ची जोडणी पक्की. १६३ ची ओळ फेकून द्यायची नाही. तिच्यावर 'हा आपला नव्हे, कारण…' असे लिहून ठेवायचे, म्हणजे पुढच्या पिढीला तोच शोध पुन्हा घ्यावा लागणार नाही.

चौथी पायरी. लक्ष्मण ते तुकाराम, तेही खात्रीने. कारण गावात तुकारामही दोन आहेत. १९५४-५५ च्या खासरा पत्रकात सर्वे नंबर ४२ वर 'तुकाराम वल्द राणोजी' आहे आणि सर्वे नंबर ६७ वर 'तुकाराम वल्द सखाराम'. ('वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा.) १९८३ च्या वारसाच्या फेरफारात सर्वे ४२ च्या जमिनीवर तुकाराम मयत होऊन लक्ष्मण, दत्तू, एक मुलगी आणि गंगाबाई अशी नावे लागली आहेत. आता चित्र स्पष्ट झाले. आपला तुकाराम राणोजीचा.

एक फेरफार किती काम करतो बघा. तो मृत्यूच्या घटनेकडे बोट दाखवतो, कुटुंबाकडे दाखवतो आणि जमिनीकडेही दाखवतो. वंशावळ लावणाऱ्याने सातबाऱ्यापेक्षा वारसाचा फेरफार आधी मागवावा, तो यासाठी. फक्त एक लक्षात ठेवा. एकत्रीकरण योजनेत जुन्या सर्वे नंबरांचे गट नंबर झाले. त्यामुळे नंबर जुळला नाही म्हणून निराश होऊ नका. कोणत्या सालचा नंबर ते लिहा आणि जुन्या-नव्या नंबरांचा मेळ भूमी अभिलेख कार्यालयातून पाहून घ्या.

आता उलट चालून बघा. खासरा पत्रकावरून तुकाराम, तिथून कुटुंब, लक्ष्मण, कुटुंब, गणेश, कुटुंब, वैष्णवी. दोन्ही बाजूंनी चालून एकाच जागी पोहोचलो की साखळी पक्की समजायची.

५. मराठवाड्यातला ताजा धडा

सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे (निवृत्त) यांची समिती नेमली आणि मराठवाड्यात जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. आरक्षणाच्या वादात या पाठात शिरायचे नाही. आपल्याला त्यातली नोंदींची बाजू पाहायची आहे. शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे, गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, खासरा पत्रके, पाहणी पत्रके, कुळ नोंदवह्या, निबंधकांकडची खतपत्रे, पोलीस आणि कारागृहांची रजिस्टरे, असे कितीतरी प्रकारचे कागद त्या वेळी उघडले गेले. काही उर्दूत, काही मोडीत. सापडलेल्या नोंदी स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवल्या गेल्या.

हे मोठे काम होते. पण घरी बसलेल्या माणसाला मग दिसले काय? तालुका, गाव आणि त्याखाली पानांची चित्रे. गावापासून पानापर्यंत वाट होती. पानावरच्या नावापासून आजच्या माणसापर्यंतची वाट ज्याची त्याने बांधायची होती. कागद सापडणे हा अर्धा प्रवास आहे, उरलेला अर्धा साखळीचा. तो अर्धा शिकवणे आपल्याला वर्गात शक्य आहे.

६. वर्गासाठी कृती : कार्ड आणि दोरा (इयत्ता सातवी-आठवी, दोन तासिका)

एक सूचना आधीच देते. मुलांची स्वतःची वंशावळ वर्गात मांडू नका. कुणाचे वडील नाहीत, कुणी दत्तक आहे, कुणाच्या घरात दोन लग्ने आहेत, कुणाला आपली जात चारचौघांत सांगायची नाही. हे मुलाचे खासगी आहे. त्यासाठी इतिहासातले घराणे घ्या. आपल्याला जालन्याजवळचे सिंदखेड राजा आणि भोसले घराणे यापेक्षा चांगले काय मिळणार?

साहित्य : पाच रंगांची कार्डे, लोकरीचा दोरा, चिकटपट्टी.

१. पांढऱ्या कार्डांवर व्यक्ती लिहा : लखुजी जाधव, मालोजी, शहाजीराजे, जिजाबाई, तुकाबाई, थोरले संभाजी, शिवाजी महाराज, व्यंकोजी, सईबाई, सोयराबाई, छत्रपती संभाजी, राजाराम, येसूबाई, शाहू.

२. पिवळ्या कार्डांवर कुटुंबे. शहाजी-जिजाबाई हे एक आणि शहाजी-तुकाबाई हे दुसरे. व्यंकोजींचा दोरा कुठे बांधायचा ते मुलांनाच ठरवू द्या. नियम तिसरा आपोआप समजतो.

३. हिरव्या कार्डांवर घटना, निळ्यांवर स्थळे : शिवनेरी, पुरंदर, सिंदखेड राजा.

४. गुलाबी कार्डांवर स्रोत. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या कार्डाला दोन दोरे बांधा. एक जेधे शकावलीकडे जातो. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली आणि तिच्यातून शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख पुढे आली. दुसरा दोरा १६२७ साल सांगणाऱ्या बखरींकडे जातो. घटना एक, संदर्भ दोन, तारखा दोन. मुलांना विचारा, "दुसरं कार्ड फाडून टाकायचं का?" चर्चा होऊ द्या. कार्ड ठेवायचे, दोरा मात्र तुटक रेघेचा.

५. आता खेळ. "शिवाजी महाराजांच्या जन्माच्या कार्डावरून सिंदखेड राजाच्या कार्डापर्यंत जा. दोरा सोडायचा नाही." वाट अशी निघते : जन्माची घटना, शिवाजी महाराज, शहाजी-जिजाबाई कुटुंब, जिजाबाई, त्यांच्या जन्माची घटना, सिंदखेड राजा. पाच दोरे लागले. मग विचारा, "मधेच एक सरळ दोरा बांधला तर?" मुले खूश होतात. पण त्या दोऱ्याचा अर्थ काय होईल? शिवाजी महाराज सिंदखेडला जन्मले असाच ना? जवळचा रस्ता कधी कधी खोटे बोलतो, हे इथे हातात दोरा धरून कळते. सॉफ्टवेअर बनवणारा हेच करतो. शिवाजी महाराजांच्या पानावर 'आईचे जन्मस्थान' वाचायला दाखवतो, पण खरी वाट कुटुंबावरूनच ठेवतो.

६. शेवटी सारखी नावे. संभाजी दोन : महाराजांचे थोरले भाऊ आणि पुत्र. शाहूंचे मूळ नाव शिवाजी, राजाराम-ताराबाईंच्या मुलाचे नावही शिवाजी. नुसत्या नावावरून जोडले तर काय गोंधळ होईल, ते मुलांनी स्वतः शोधावे.

शेतकऱ्यांच्या मुलांसाठी आणखी एक जोड आहे. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचा बीडीएन ७११ हा तुरीचा वाण त्यांनी ऐकलेला असतो. वाणालाही आईबाप असतात आणि त्याचीही वंशावळ लिहून ठेवावी लागते. नाहीतर पोत्यात कोणते बी आहे ते कोण सांगणार?

७. स्वाध्याय

- व्यक्ती आणि कुटुंब या दोन नोंदी वेगळ्या का ठेवतात? एक उदाहरण द्या.
- स्रोत आणि संदर्भ यांत फरक काय?
- १९५७ च्या नोंदीत 'जि. औरंगाबाद' आणि २०१२ च्या नोंदीत 'जि. जालना' आहे. गाव एकच असू शकते का? कसे सिद्ध कराल?
- 'आपला नव्हे' असे ठरलेली नोंदही का जपावी?

८. शिक्षकांनी आणि पालकांनी आजपासून काय करावे?

पालकांनी एक वही करावी. प्रत्येक माणसाला एक पान आणि प्रत्येक कागदाला एक क्रमांक. माणसाच्या पानावर कागदाचा क्रमांक लिहायचा आणि कागदाच्या मागे पेन्सिलीने माणसाच्या पानाचा. एवढ्याने दुहेरी वाट झाली. मूळ कागदावर शाईने काही लिहू नका, लॅमिनेशन करू नका. पुढे ग्रॅम्प्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचे असेल तर हीच वही कामी येते, आणि त्यातली माहिती आपल्याच संगणकावर राहते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आत्ताच विचारून घ्या, विशेषतः आजीला. तिच्या माहेरची वाट तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नसते.

आणि शिक्षक मित्रांनो, आपल्या कपाटातल्या जनरल रजिस्टरकडे एकदा नीट बघा. पाने सुटी झाली असतील तर क्रम लावून बांधून घ्या, वाळवीपासून जपा, शक्य असेल तर मुख्याध्यापकांच्या परवानगीने प्रत्येक पानाचा स्वच्छ फोटो काढून ठेवा. उतारा देताना रजिस्टरचा क्रमांक, पान आणि अनुक्रमांक न चुकता लिहा. जुन्या ओळीत खाडाखोड करू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. त्या रजिस्टरमधली अनुक्रमांक ११८ ची ओळ आपल्यासाठी एक ओळ असते. कुठल्यातरी वैष्णवीसाठी ती पणजोबापर्यंत जाणाऱ्या साखळीची मधली कडी असते, आणि ती कडी आपल्या कपाटात आहे.